गोळी बद्दीची, पावडर हैदराबादची

प्रश्न : माझा मुलगा नांदेडला ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एम.एस्सी. करून हैदराबादजवळच्या एका बल्क ड्रग कंपनीत लागला. त्याच्या खोलीवरची बाकीची पोरंही मराठवाड्यातलीच. दिवाळीला आला तेव्हा आमचा वाद झाला. मी विचारलं, औषधांचे एवढे कारखाने हैदराबादलाच कसे? तो म्हणाला, "बाबा, तिथले केमिस्ट हुशार आहेत." मी म्हणालो, हुशारी काय फक्त तिथेच पिकते? यामागे राजकारण असणार. त्यावर तो हसून म्हणाला, "रसायनं राजकारण ओळखत नाहीत." आमच्यात बरोबर कोण? आणि आपल्याकडे, महाराष्ट्रात, हे का झालं नाही?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : निकाल देण्याआधी एक काम सांगतो. घरात असेल ती गोळ्यांची पट्टी उलटी करा आणि चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचा. ‘बद्दी, जि. सोलन, हिमाचल प्रदेश’ असं वाचायला मिळण्याची बरीच शक्यता आहे. नाहीतर सिक्कीम, नाहीतर हरिद्वार. आता डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या या बद्दीला ना बंदर जवळ, ना कच्चा माल, ना औषधनिर्मितीची जुनी परंपरा. २००३ मध्ये केंद्र सरकारने हिमाचल आणि तेव्हाच्या उत्तरांचलात नवा कारखाना काढणाऱ्याला दहा वर्षं एक्साइज माफ केली आणि देशभरातल्या कंपन्यांनी गोळ्या दाबायची यंत्रं तिकडे हलवली. इतकं सरळ आहे ते. इथे तुम्ही जिंकलात.

पण गोळीतलं खरं औषध, म्हणजे तुमचा मुलगा बनवतो ती पावडर, बल्क ड्रग, ही चीज निराळी. ती यंत्र उचलून नेण्याने होत नाही. एखादं औषध बनवायला सहज आठ-दहा टप्पे लागतात. प्रत्येक टप्प्याला तापमान, सॉल्व्हंट, वेळ यांचा मेळ घालायचा आणि जेवढा माल टाकला त्यातला किती हाती आला, म्हणजे यील्ड किती, ते बघायचं. दहा टप्प्यांत प्रत्येकी ९० टक्के यील्ड मिळालं तर ऐकायला झकास वाटतं, पण शेवटी हाती राहतात जेमतेम ३५ टक्के. तेच प्रत्येक टप्प्याला ९५ टक्के मिळालं तर ६०. धंदा बुडणार की तरणार, ते या पाच टक्क्यांत ठरतं. आणि ते पाच टक्के खेचून आणणारी माणसं एका दिवसात तयार होत नाहीत. इथे मुलगा जिंकला.

मग ही माणसं हैदराबादेत कशी जमली? त्यासाठी थोडं मागे, आणि थोडं कायद्यात जावं लागेल.

स्वातंत्र्यानंतरही आपल्याकडे पेटंटचा कायदा इंग्रजांचाच, १९११ चा, चालू होता. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ मध्ये सरकारला अहवाल दिला. भारतातली बहुतेक पेटंटं परदेशी कंपन्यांच्या नावावर, आणि त्यातल्या बहुतेकांवर इथे काहीच बनत नाही. बाजार राखून ठेवायचा आणि माल बाहेरून आणून विकायचा, एवढाच त्यांचा उपयोग, असं त्यात दिसलं. त्याच सुमाराला अमेरिकेच्या सिनेटमध्ये केफॉव्हर समिती औषधांच्या किमती तपासत होती. काही अँटिबायोटिकांच्या बाबतीत भारतातले भाव जगातल्या सर्वांत महागड्या देशांच्या रांगेत बसतात, असं तिला आढळलं. गरीब देश, आणि औषधं श्रीमंतांच्या भावाने!

कायदा व्हायला पुढची दहा-अकरा वर्षं गेली. विधेयकं आली, बारगळली, संयुक्त समित्या बसल्या, परदेशी कंपन्यांनी जोर लावला. अखेर इंदिरा गांधींच्या काळात १९७० चा पेटंट कायदा झाला आणि २० एप्रिल १९७२ पासून लागू झाला. त्यात औषधांपुरती एक मेख होती. औषध म्हणून जे रसायन आहे त्याच्यावर पेटंट मिळणार नाही. ते बनवण्याच्या कृतीवर मिळेल, तेही पाच किंवा फार तर सात वर्षं. म्हणजे तुम्ही ज्या पद्धतीने पेढा करता ती पद्धत तुमची, पण पेढा तुमच्या मालकीचा नाही. दुसऱ्याने वेगळ्या वाटेने तोच पेढा केला तर तुम्ही त्याला कोर्टात खेचू शकत नाही.

ही युक्ती दिल्लीत कुणाला स्वप्नात सुचलेली नव्हती. जर्मनीने १८७७ च्या आपल्या पेटंट कायद्यात रसायनांच्या बाबतीत हेच केलं होतं आणि तिथले रंगांचे अन् औषधांचे कारखाने त्याच कायद्याखाली वाढले. इटलीत तर १९७८ पर्यंत औषधांवर पेटंटच नव्हतं. पुढे भारताला ‘चोर’ म्हणणाऱ्यांमध्ये युरोपीय कंपन्याही होत्या, हे ध्यानात असू द्यावं.

आता या कलमाने प्रयोगशाळेत काय झालं ते बघा. माझ्या मते तुमच्या वादाची खरी गाठ इथे आहे. परदेशी केमिस्टपुढचा प्रश्न असतो : या आजारावर चालेल असा नवा रेणू कुठला? कायद्याने भारतीय केमिस्टपुढे दुसराच प्रश्न टाकला : रेणू तर समोर आहे, मूळ कंपनीच्या वाटेवर पाऊल न टाकता, स्वस्तात, तिथे पोचायचं कसं? मग तो शेवटाकडून उलटा निघतो. हा बंध तोडला तर कुठले दोन तुकडे मिळतात, त्यातला कुठला इथल्या बाजारात मिळतो, मूळ कृतीतलं महागडं उत्प्रेरक टाळता येईल का, दोन टप्पे एकाच भांड्यात उरकता येतील का. ही काही नक्कल नव्हे. यात अस्सल बुद्धी लागते, आणि ती लावणाऱ्यांची एक अख्खी पिढी या देशात तयार झाली. एड्सवरचं पहिलं औषध एझेडटी अमेरिकेत १९८७ मध्ये मंजूर झालं, तेव्हा ते वर्षाला हजारो डॉलरना पडायचं. हैदराबादच्या आयआयसीटी या सरकारी प्रयोगशाळेत डॉ. ए. व्ही. रामाराव यांच्या गटाने ते बनवण्याची आपली कृती बसवली आणि मुंबईच्या सिप्लाने ते बाजारात आणलं. याच सिप्लाने पुढे २००१ मध्ये एड्सची तीन औषधांची मिळून मात्रा वर्षाला ३५० डॉलरना देऊ केली, जेव्हा मूळ कंपन्यांचा भाव दहा हजारांच्या वर होता.

तेव्हा तुमच्या मुलाचं वाक्य खरं आहे. १९७० चा कायदा झाला म्हणून कुठल्याही रिअ‍ॅक्शनचं यील्ड अर्ध्या टक्क्यानेही वाढलेलं नाही. पण कुठली रिअ‍ॅक्शन करून बघायची, ती बघायला पगार कोण देणार, आणि नांदेडच्या मुलाने एम.एस्सी.ला ऑरगॅनिकच का घ्यायचं, हे संसदेत ठरलं. मराठवाड्यात आजही फिजिकल केमिस्ट्रीपेक्षा ऑरगॅनिककडे झुंबड असते, ती त्या विषयाच्या सौंदर्यावर भाळून नव्हे.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. मला तो कायदा त्या काळासाठी योग्यच वाटतो, पण त्याने आपलं विज्ञान एका अंगाने वाढवलं. केमिस्ट्री तगडी झाली. शरीरात औषध काय करतं हे शोधणारी बाजू कच्ची राहिली. हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने १९९७ मध्ये मधुमेहावरचा स्वतः शोधलेला एक रेणू डेन्मार्कच्या नोव्हो नॉर्डिस्कला दिला, तेव्हा केवढा गाजावाजा झाला होता! ते औषध बाजारापर्यंत पोचलं नाही. जो प्रश्न पंचवीस वर्षं फारसा विचारलाच नाही, त्याचं उत्तर एकदम यायचं कुठून?

आता हैदराबादच का. कायदा तर सगळ्या देशाला होता.

पहिली गोष्ट म्हणजे सरकारी कारखाना. १९५० च्या दशकात पाश्चात्त्य कंपन्यांच्या अटी जड जात होत्या. सोव्हिएत संघ मदतीला तयार झाला, कारण शीतयुद्धात त्यालाही दिल्लीत मित्र हवा होता. त्यातून १९६१ मध्ये आयडीपीएल ही सरकारी कंपनी निघाली. तिचा अँटिबायोटिकांचा कारखाना हृषीकेशला गेला आणि रसायनांपासून औषधं बनवण्याचा हैदराबादच्या बाळानगरला आला. हैदराबादेत संशोधनाची जागा आधीच होती. निझामाच्या सरकारने १९४४ मध्ये उद्योगांसाठी प्रयोगशाळा काढली होती. (तेव्हा तुमचं नांदेडही त्याच राज्यात होतं.) तीच १९५६ मध्ये केंद्राच्या सीएसआयआर या संशोधन परिषदेकडे गेली आणि पुढे आयआयसीटी झाली.

आयडीपीएल कंपनी म्हणून काही फार चालली नाही. १९९२ मध्ये ती आजारी उद्योग ठरली. पण शाळा म्हणून तिने जे केलं ते कुणाला ठरवूनही जमलं नसतं. गुंटूर जिल्ह्यातल्या ताडेपल्लीचे, हळद पिकवणाऱ्या घरातले अंजी रेड्डी मुंबईत माटुंग्याच्या यूडीसीटी या रसायन-तंत्रज्ञानाच्या संस्थेत शिकले, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून (एनसीएल) पीएच.डी. झाले आणि आयडीपीएलमध्ये नोकरीला लागले. तिथून बाहेर पडून त्यांनी एक-दोन कंपन्यांत हात आजमावला आणि १९८४ मध्ये डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीज काढली. पहिलं उत्पादन मिथाइलडोपा, रक्तदाबावरचं. मग त्यांच्याबरोबर काम केलेल्यांनी आपापली दुकानं थाटली : दिवीज १९९० मध्ये, हेटेरो १९९३ मध्ये. आजही तिथे एखादा सीनियर केमिस्ट नोकरी सोडतो तेव्हा तो दुसरीकडे चाललाय की स्वतःची कंपनी काढतोय, हे लोक आधी विचारतात. बघा, माटुंगा आणि पुणे यांनी शिकवलेला माणूस हैदराबादेत रुजला. ‘महाराष्ट्रात का नाही’ याचं अर्धं उत्तर त्यातच आहे. महाराष्ट्र या गोष्टीत पहिल्यापासून होता. फक्त पीक दुसऱ्याच्या वावरात आलं.

दुसरी गोष्ट पैसा, आणि इथे समाज येतो. १९५६ मध्ये आंध्र प्रदेश झाला आणि हैदराबाद राजधानी. कृष्णा-गोदावरीच्या पट्ट्यातल्या धान, तंबाखू, हळदीतून सुखवस्तू झालेल्या घराण्यांना पैसा लावायला जागा हवी होती. रेड्डी, कम्मा, राजू या जमीनदार जातींच्या सोयरिकी-नात्यागोत्यांतून भांडवल उभं राहिलं. बँक नाही म्हणाली तर मेहुणा हो म्हणाला, अशी कंपनी. त्यात हैदराबाद ज्या तेलंगणात आहे तिथल्या माणसाला वाटा थोडा मिळाला, जमीन आणि पाणी मात्र त्याचं गेलं, ही सल १९६९ च्या आंदोलनात होती आणि २०१४ मध्ये वेगळं राज्य होईपर्यंत गेली नाही. अनुशेषाची भाषणं ऐकत मोठ्या झालेल्या मराठवाड्याच्या माणसाला ही सल वेगळी समजवायला नको.

जमीन-पाणी म्हणालो, ते नुसतं बोलायचं म्हणून नाही. हैदराबादच्या पश्चिमेला पटांचेरू, बोल्लारम हा पट्टा तेव्हाच्या मेदक जिल्ह्यात. जिल्हा मागास म्हणून जाहीर, त्यामुळे कारखान्याला सवलती. इंदिरा गांधी १९८० मध्ये याच मेदकमधून निवडून आल्या होत्या. बल्क ड्रगचे कारखाने इथे दाटीवाटीने आले. औषधाच्या एका किलोमागे कित्येक किलो सॉल्व्हंट आणि सांडपाणी निघतं. ते पटांचेरूच्या नक्कावागू नावाच्या ओढ्यात उतरलं. गावकरी १९९० मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. तरी खरी चक्रावणारी मोजणी २००७ ची. स्वीडनच्या गोटेनबर्ग विद्यापीठातले योआकिम लार्सन आणि सहकाऱ्यांनी तिथल्या सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणारं, म्हणजे ‘शुद्ध’ केलेलं पाणी तपासलं. सुमारे ९० कारखान्यांचं पाणी तिथे यायचं. एका लिटरमध्ये ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन निघालं. गोळी घेतलेल्या रुग्णाच्या रक्तात असतं त्याच्याहून जास्त. दिवसाचा हिशेब सुमारे ४५ किलो होत होता, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या नव्वद हजार गोळ्या, रोज, ओढ्यात. अशा पाण्यात जे जंतू टिकतात त्यांच्यावर पुढे कुठली गोळी चालायची?

हा नक्कावागू मांजरेला मिळतो. तीच आपली मांजरा, बीडच्या बालाघाटात उगम पावून लातूरवरून बिदर-मेदकला जाणारी. पुढे ती उत्तरेला वळते, निजामसागरावरून तुमच्या नांदेड जिल्ह्याची सीमा धरून चालते आणि कंदकुर्तीला गोदावरीत जाते. जागतिक बाजारात भारतीय औषध स्वस्त का, याच्या यादीत कायदा आणि केमिस्ट यांच्यानंतर तिसरं नाव या ओढ्याचं लिहावं लागेल. युरोपात सांडपाण्यावर जो खर्च करावा लागला असता तो पटांचेरूच्या शेतकऱ्याने आपल्या विहिरीतून भरला.

१९७० चा डाव कायमचा नव्हता. १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत गेल्यावर दहा वर्षांची मुदत मिळाली आणि २००५ पासून औषधाच्या रेणूवर पुन्हा पेटंट सुरू झालं. पण तेव्हाचं सरकार डाव्या पक्षांच्या टेकूवर उभं होतं आणि त्यांनी अडून बसून कायद्यात खिळे ठोकून घेतले. जुन्याच औषधात थोडा फेरफार करून नवं पेटंट घेता येणार नाही, हे कलम ३(ड) त्यातलं. त्याच कलमावर नोव्हार्टिसचं रक्ताच्या कर्करोगावरचं ग्लिव्हेक १ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टात हरलं.

त्याच्या वर्षभर आधी हैदराबादच्या नॅटको कंपनीने आणखी मोठी उडी मारली होती. बायरचं मूत्रपिंड आणि यकृताच्या कर्करोगावरचं सोराफेनिब इथे महिन्याला २,८०,४२८ रुपयांना पडायचं. पेटंट असलं तरी औषध लोकांना परवडत नसेल तर सरकार दुसऱ्याला ते बनवण्याचा सक्तीचा परवाना देऊ शकतं, अशी तरतूद कायद्यात होती. कुणी वापरली नव्हती. ९ मार्च २०१२ ला मुंबईच्या पेटंट कार्यालयाने ती वापरली आणि नॅटकोने तोच रेणू महिन्याला ८,८८० रुपयांना दिला. जवळजवळ बत्तिसावा हिस्सा! त्यानंतर असा दुसरा परवाना दिला गेलेला नाही. दुसऱ्या कुठल्या औषधाला गरजच पडली नाही, असं म्हणणारा माणूस कर्करोगाच्या वॉर्डात कधी गेलेला नसणार. अमेरिकेच्या व्यापारी दबावाचं नाव घेणारा सत्याच्या जास्त जवळ आहे.

राहिला तुमचा महाराष्ट्राचा प्रश्न, आणि त्यात पिंपरीचं नाव घेतल्याशिवाय भागणार नाही. आयडीपीएलच्याही आधी, १९५४ मध्ये, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने तिथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. पुण्यात जुनी माणसं अजून तिला पेनिसिलीन फॅक्टरी म्हणतात. पेनिसिलीन रसायनांपासून करत नाहीत. मोठमोठ्या टाक्यांत बुरशी आंबवून काढतात. त्याला वीज आणि साखर मुबलक अन् स्वस्त लागते, आणि कारखाना दिवसरात्र चालावा लागतो. पिंपरीत हे ज्ञान होतं. तिथल्या संशोधकांनी हामायसिन नावाचं बुरशीविरोधी औषध स्वतः शोधलं होतं. पण पिंपरीतून अंजी रेड्डी निघाले नाहीत. सॉल्व्हंट आणि चार रिअ‍ॅक्टर घेऊन शेडमध्ये धंदा सुरू करता येतो, आंबवण्याच्या टाक्या घेऊन येत नाही. तिथे सरकारने पाठ फिरवली की मागे कुणी उरत नाही. १९९० च्या दशकात आयात खुली झाली, चीनने आपल्या कारखान्यांना पाठबळ देऊन भाव पाडले, आणि ज्या देशात पेनिसिलीन बनत होतं तो देश पेनिसिलीन जी साठी चीनवर विसंबला. हैदराबादचे कारखानेही त्यातून सुटले नाहीत; त्यांच्या कित्येक रिअ‍ॅक्शनांचा पहिला माल आजही तिकडूनच येतो.

२०२० मध्ये कोविड आणि गलवानची चीनशी चकमक एकाच वर्षी आले, तेव्हा दिल्लीला हे जाणवलं. बल्क ड्रगसाठी ६,९४० कोटींची प्रोत्साहन योजना निघाली. तिच्यातून २०२४ मध्ये हैदराबादच्याच अरबिंदो फार्माच्या एका उपकंपनीने काकिनाड्याजवळ पेनिसिलीन जी पुन्हा बनवायला घेतलं. माल बाजारात येतो न येतो तोच चिनी भाव खाली आले, आणि कारखानदार पुन्हा दिल्लीत गेले : आयातीला किमान किंमत लावा. गोळ्या करणाऱ्या छोट्या कंपन्यांचं म्हणणं उलट : लावाल तर आमचा कच्चा माल महागेल.